आत्तीच्या ओव्यांसाठी मागची खोली : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, मिरज

मागची खोली आज रिकामी केली. बाबा गेल्यापासून घरातलं नको असलेलं सगळं तिथं जाऊन पडत होतं. दोन ट्रंका, मोडका पाळणा, रद्दी, आणि कोपऱ्यात खोळीत गुंडाळलेला बाबांचा तानपुरा. तानपुरा तेवढा ठेवला, बाकी हलवलं.

खोली १० बाय १२ फूट, उंची साडेनऊ. खाली शहाबादी फरशी, परसाकडे एक खिडकी, स्वयंपाकघरात उघडणारं एक दार. मध्ये उभी राहून टाळी वाजवली तर भिंतींमध्ये आवाज थरथरत राहतो, पत्र्याच्या डब्यात खडा टाकावा तसा.

हेतू लिहून ठेवते, म्हणजे खरेदीच्या भरात तो बाजूला पडायला नको. आत्तीच्या जात्यावरच्या ओव्या नीट ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. ती ७८ वर्षांची आहे. तिला किती ओव्या येतात ते तिलाही सांगता येत नाही आणि त्या कुणीच लिहून घेतलेल्या नाहीत. दिवाळीत मोबाइलवर चार घेतल्या होत्या. फोन आपणहून गोंगाट कमी करतो, त्यात ओवीच्या शेवटची लांबवलेली ओढच त्यानं पुसून टाकली. ऐकताना वाटतं, प्रत्येक ओळीला कुणीतरी दार लावून घेतंय.

पुढं माझ्या पेटीच्या शिकवण्या, विद्यार्थ्यांचं गाणं यांनाही ही खोली उपयोगी पडेल. पण पहिलं काम आत्तीचं.

१९ जानेवारी

आज फक्त मोजमाप. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या आवाजाच्या लाटेची अर्धी लांबी बरोब्बर बसते, तो आवाज खोली फुगवते. १२ फुटांच्या बाजूला हा आकडा ४७ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४७ कंपनांच्या, आसपास येतो, १० फुटांना ५६, आणि साडेनऊ फूट उंचीला ५९. शेवटचे दोन इतके जवळ आहेत की ते एकमेकांना जोर देणार, आणि त्यांची दुप्पट ११२ ते ११८ मध्ये पुन्हा तेच. शेजारच्या मुलाला डग्गा घेऊन बसवलं. खिडकीखाली बसला की डग्गा नुसता घुमतो, चार फूट पुढं सरकला की तोच डग्गा आवळल्यासारखा वाजतो. वाद्य तेच, हात तोच.

म्हणजे माइक कोणता घ्यायचा हा प्रश्न नंतरचा. आधी ही खोली.

२ फेब्रुवारी

बाजारात मिळणारा खाचांचा काळा फोम घ्यायचा नाही असं ठरवलं. एक इंच जाडीचा फोम फक्त वरचे, तीक्ष्ण आवाज शोषतो. खालचे त्याच्यातून सहज पार होतात, आणि मग खोली दबकी वाटते पण घुमायची काही थांबत नाही. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते, तिला एक इंचाचा काय अडसर होणार? अंड्यांच्या ट्रेबद्दलही दोघांनी सुचवलं. तो पुठ्ठाच आहे, त्यात ना वजन ना जाडी.

रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर, आणलं. ४८ घनतेचं, म्हणजे घनमीटरला ४८ किलो. चार फूट बाय दोन फूट, दोन इंच जाडीचे १२ स्लॅब. दोन-दोन एकावर एक ठेवून चार इंचांचे सहा पॅनेल होतील. सुताराकडून पाइनच्या चौकटी करून घेतल्या. वर मांजरपाट ताणून पाठीमागून स्टेपल मारायचं.

हे काम परसात केलं, तोंडाला मास्क, हातात मोजे, पूर्ण बाह्या. तरी मनगटापाशी तंतू लागले आणि रात्रभर खाज. ज्यांना करायचंय त्यांनी मोजे बाहीच्या वर ओढून घ्या आणि नंतर आधी गार पाण्यानं धुवा.

९ फेब्रुवारी

दोन पॅनेल खिडकीच्या बाजूच्या कोपऱ्यांत तिरके उभे केले. दोन आजूबाजूच्या भिंतींवर, भिंतीपासून चार इंच पुढं. मागं हवा राहिली की तीच जाडी आणखी खालपर्यंत काम करते. जागा आरशानं ठरवल्या. मी ऐकायच्या जागी बसले, भाचीनं भिंतीवरून आरसा सरकवत नेला, जिथं आरशात स्पीकर दिसला तिथं खडूची खूण. उरलेले दोन मागच्या भिंतीला.

टाळीचा थरथराट गेला. डग्गा अजून थोडा फुगतो, पण आता खोलीत कुठंही बसा, त्याचा स्वभाव बदलत नाही.

१६ फेब्रुवारी

सामान आलं. फोकसराइट स्कारलेटचा दोन माइकचा इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी, ऑडिओ-टेक्निका एटी२०२० हा कंडेन्सर माइक, आणि माझा जुना शुअर एसएम५८, जो पंधरा वर्षं भजनाच्या फडांत राबलाय. कंडेन्सरला ४८ व्होल्ट लागतात, ते इंटरफेस केबलमधूनच पुरवतो. लॅपटॉपवर मुद्रणाचं सॉफ्टवेअर, रीपर.

सगळं जोडलं, हेडफोन लावला, आणि कानात अखंड घूंऽऽऽ. आलेखावर बघितलं तर ५० हर्ट्झवर सुळका, मग १००, १५०. म्हणजे हा विजेचा आवाज. लॅपटॉपचा चार्जर काढला, घूं बंद. लावला, चालू. शिवाय चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या कडेला मनगट टेकलं की बारीक झिणझिण्या.

चार्जर काढून बॅटरीवर काम करता आलं असतं. पण झिणझिण्या येतात याचा अर्थ घराला अर्थिंगच धड नाही. ते तसंच सोडणं बरोबर नाही.

२३ फेब्रुवारी

वायरमन येऊन गेले. मीटर लावून दाखवलं: न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ३५ व्होल्ट, जिथं दोन-तीनच्या वर असू नयेत. जुनी अर्थिंगची तार परसात जमिनीशी गंजून तुटली होती. आम्ही इतकी वर्षं नुसत्या नावाला तीन पिनांचे प्लग वापरत होतो. नवा आठ फुटांचा पाइप उतरवला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला तोंड. उन्हाळ्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी घालायला सांगितलंय. मागच्या खोलीला बोर्डावरून स्वतंत्र लाइन ओढली, तिच्यावर फ्रिज नाही, मोटर नाही.

घूं गेलं. हेडफोनमध्ये आता फक्त खोलीची स्वतःची शांतता आहे, आणि तिच्यात लांबवर जंक्शनमधल्या इंजिनाची शिट्टी.

या प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा खर्च हाच, आणि स्टुडिओच्या सामानाच्या कुठल्याच यादीत तो नसतो.

२ मार्च

केबल आणि फायलींची लावालाव. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर मार्करनं क्रमांक. गुंडाळताना एक वेटोळं सुलट, एक उलट, म्हणजे आतल्या तारांना पीळ बसत नाही आणि फेकली की सरळ उलगडते. पेटी, तबला यांच्या खोळी खिडकीखालच्या लाकडी फळीवर, माइक स्टीलच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यासाठी हे आताच.

फायलीचं नाव असं: तारीख, गाणारी, विषय, क्रमांक. मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचं, म्हणजे आवाजाची सेकंदाला ४८ हजार मापं, प्रत्येक माप २४ बिटचं. एका माइकचे तासाला सुमारे ५१८ एमबी होतात. तीन प्रती ठेवायच्या: लॅपटॉप, बाहेरची हार्ड डिस्क, आणि तिसरी धाकट्या भावाच्या घरी सांगलीला. नदीकाठच्या गावात राहून सगळं एका कपाटात ठेवणं मला पटत नाही. २०१९ चा पूर डोळ्यांदेखत बघितलाय.

३० मार्च, पाडवा

आत्ती आली. गुढी झाली, जेवणं झाली, मग तिला खोली दाखवली. पंखा बंद, दार लावलेलं. खुर्चीवर बसवलं, समोर माइक, कानाला हेडफोन लावला. हेडफोन तिनं लगेच काढून ठेवला. "कान झाकल्यावर मला माझंच ऐकू येतंय, तुझं न्हाई," म्हणाली.

मग म्हणायला लागली. पहिली ओवी देवाची, हा तिचा नेम. दुसरी म्हटली, तिसरीला थांबली. परत पहिल्यापासून. परत तिथंच थांबली. मी म्हटलं, "आत्ती, राहू दे, दमली असशील." तर म्हणाली, "दमले न्हाई गं. हात मोकळा हाय न्हवं. हात फिरल्याबिगर म्होरली वळ येत न्हाई तोंडात." आणि रिकामा उजवा हात मांडीवर गोल फिरवून दाखवला. तेवढ्यात चौथी ओवी आली.

जाताना आणखी एक म्हणाली: "हितं आवाज कापसात पडल्यागत हुतोय. लई वरडावं लागतंय."

दोन्ही गोष्टी लिहून ठेवतेय. यातली एकही मी मोजली नव्हती.

६ एप्रिल

मोजून बघितलं. सामान भरण्याआधी खोलीत आवाज विरायला पाऊण सेकंद लागायचा, आता ०.२ सेकंद. पुस्तकी हिशोबानं बोलण्याच्या मुद्रणाला उत्तम. पण मोकळ्या सोप्यात, मातीच्या भिंतींत ओव्या म्हणत आलेल्या बाईला तिचा आवाज परत मिळालाच पाहिजे. तो मिळाला नाही की ती ताण देते, आणि ताण दिला की ओवीतला सैलपणा जातो. मागच्या भिंतीवरचे दोन्ही पॅनेल उतरवले. मध्ये अंथरलेली सतरंजी गुंडाळून ठेवली, फरशी उघडी केली. आता ०.३५. मी स्वतः बसून गायले, गळा आपोआप उतरला.

शोषणं किती हे गाणाऱ्यानं ठरवायचं. मी आलेख बघून ठरवलं होतं, ते चुकलं.

१३ एप्रिल

जातं आणलं. आत्तीच्या गावाकडचं, तिच्या सासूच्या वेळचं. तळ्या गुळगुळीत झाल्या होत्या. गावातल्या पाथरवटानं दोन तास बसून टाकी लावून दिली, खुंटा नवा बाभळीचा बसवला. टेम्पोतून उतरवायला चौघं लागले.

फरशीवर ठेवून फिरवलं तर मुद्रणात खोलीच हादरल्यासारखी गडगड. जात्याची थरथर फरशीतून माइकच्या स्टँडमध्ये चढत होती. गोणपाटाच्या चार घड्या जात्याखाली, स्टँडच्या तिन्ही पायांखाली जुन्या गोधडीचे तुकडे. गडगड गेली, घरघर राहिली. हवी तीच.

रिकामं फिरवायचं नाही, दगडावर दगड घासतो. शाळू घेतला. वैरण, म्हणजे मूठभर दाणे, घातली की आवाज खोल, भरलेला येतो. दाणा संपत आला की कोरडा, खरखरीत होत जातो. मोबाइलच्या त्या चार ओव्यांत मध्येच पडलेल्या शांत जागा आता कळल्या. आत्ती तिथं मूठभर वैरण घालत होती.

२० एप्रिल

माइकच्या जागा. दिवसभर हेच केलं, भाचीला जात्यावर बसवून.

आधी वाटलं, आवाज स्वच्छ हवा, म्हणून एटी२०२० तोंडापासून वीतभर. पण दळताना बाई स्थिर नसते. एक पाय लांब, एक मुडपलेला, खुंटा पुढं गेला की धड पुढं, मागं आला की मागं. तोंड फूटभर सरकतं. जवळचा माइक तेवढ्यात कधी भारदस्त, कधी पातळ ऐकवतो. मागं नेला, अडीच फुटांवर, कपाळाच्या उंचीवरून खाली बघणारा.

एसएम५८ जात्याकडे वळवला, जमिनीजवळ, पाठ दळणारीच्या तोंडाकडे, कारण या माइकला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. दोन माइकमधलं अंतर तोंडापासूनच्या अंतराच्या तिप्पट ठेवावं असा दंडक आहे. अडीच फुटांची तिप्पट साडेसात, आणि जातं तर मांडीला लागून. दंडक इथं बसतच नाही. दोन्ही एकत्र ऐकलं की आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा.

संध्याकाळी एसएम५८ काढून टाकला. एकच एटी२०२०, साडेतीन फुटांवर, बसलेल्या माणसाच्या कानाइतका उंच, जातं आणि तोंड या दोन्हींच्या मधोमध बघणारा. दहा मिनिटं घेतलं आणि हेडफोन लावून डोळे मिटले. लहानपणी पहाटे आत्तीच्या लांब केलेल्या पायाशेजारी मी गोधडीत पडून असायची. वरून आवाज, कानाशी घरघर. हे तेच होतं.

आता पुढं वेगळे ट्रॅक मिळणार नाहीत, जात्याचा आवाज नंतर कमी-जास्त करता येणार नाही. चालेल. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब १९०५ मध्ये तबकडीच्या यंत्राच्या भोंग्यात गायले आणि पुढं १९३० च्या दशकात मायक्रोफोनपुढं. तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, नंतर काही हलवायची सोय नाही. मिरजेच्या दर्ग्यात दरवर्षी त्यांच्या नावानं गाणं होतं, आणि आजही त्या तबकड्या ऐकताना मला एखादी गोष्ट हलवावीशी वाटलेली नाही.

२७ एप्रिल

आत्ती कालपासून राहायला आलीय. आज पहाटे साडेचारला सुरुवात. ही वेळ तिची, आणि स्टुडिओच्याही सोयीची: पंखा लागत नाही, रस्ता शांत, कोकिळा पावणेसहाच्या पुढं. दिवसा खोलीत ३८-३९ अंश होतात, पंखा बंद करून पंधरा मिनिटंही बसवत नाही.

ती जात्याशी बसली, मी लॅपटॉपशी. म्हणाली, "तू तिकडं कशाला? समूर बस, खुंट्याला हात लाव. येकटीनं दळत्यात व्हय?"

तयारीत हे कुठंच नव्हतं. मग आवाजाची पातळी तिच्या सगळ्यात चढ्या ओवीवर बसवली. शिखर शून्याच्या, म्हणजे जिथं आवाज फाटतो त्या मर्यादेच्या, १८ डेसिबल खाली राहील इतकी सूट सोडली. २४ बिटमध्ये एवढी सूट सोडून काही बिघडत नाही, शांतता अजून खूप खाली असते. मुद्रण चालू केलं, पडदा मिटला, आणि समोर जाऊन बसले.

खुंट्यावर तिचा हात वर, माझा खाली. तिचा तळवा कोरडा आणि खरखरीत आहे, आणि इतका हलका की ओढ कधी तिच्याकडून माझ्याकडे आली ते कळत नाही. ती एक ओळ म्हणायची, दुसरीला मान हलवून मला खुणवायची. मला शब्द येत नव्हते, शेवटचा स्वर तेवढा धरला. तासाभरात ३१ ओव्या. एकदाही अडली नाही.

४ मे

ऐकताना एक गोष्ट सापडली. काही ओव्यांच्या शेवटी, आवाज थांबल्यावरही एक बारीक, गोड झंकार रेंगाळतो. आधी इंटरफेसवर शंका घेतली. मग लक्षात आलं की तो प्रत्येक ओवीला नाही, ती पंचमाला लावते तिथंच येतो.

आत्तीचा षड्ज (सा) काळी तीनच्या, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या काळ्या पट्टीच्या, आसपास. तिचा पंचम म्हणजे काळी एक. आणि कोपऱ्यात बाबांचा तानपुरा उभा आहे, मागच्या आठवड्यात खोळ काढून मीच काळी एकला लावून ठेवलेला. ती पंचमावर आली की जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन, तारा आपोआप बोलतात. मिरजेतच घडलेला तानपुरा. इथल्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बाबा नव्हते.

नियमानं तानपुरा बाहेर न्यायला हवा. नाहीतर घोडीजवळ तारांखालून कापडाची पट्टी सरकवायची, म्हणजे तारा मुक्या होतात. पट्टी सरकवली, आणि उद्यापासून तसंच ठेवणार. ओव्यांच्या मुद्रणात ओव्याच असाव्यात. ती गात आलेल्या घरात तानपुरा नव्हता. २७ तारखेच्या फायली मात्र आहेत तशा ठेवल्या, वहीत कारण लिहून.

११ मे

आठ पहाटा झाल्या. ११२ ओव्या. मुद्रणापेक्षा वहीचं काम जास्त. दुपारी आम्ही दोघी ऐकतो, मी लिहिते, ती शब्द सांगते. पुष्कळ शब्द मला लागत नाहीत, काही तिलाही अर्थ सांगता येत नाही, "सासू म्हनायची तसं म्हनते" एवढंच. ते तसेच लिहिले, समोर खूण केली.

विषयवार लावताना हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांच्या कामाची पद्धत समोर ठेवली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, गाणारीचं नाव-गाव आणि विषय यांसकट. आज त्यांतल्या बऱ्याच पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर ऐकता-वाचता येतात. आत्तीच्या सगळ्यात जास्त ओव्या भावावर आहेत, ३८. माहेर २६, पंढरी २१. नवऱ्यावर दोन.

२५ मे

पाऊस यंदा मे महिन्यातच सुरू झाला. पत्र्याच्या पडवीवर थेंब वाजतात, ते माइकला स्पष्ट ऐकू येतं. मुद्रण बंद. सिलिका जेल बदललं, जातं गोणपाटानं झाकलं.

तिसरी प्रत घेऊन भाऊ सांगलीला गेला. आत्तीला गावी सोडताना तिच्या नातीच्या फोनवर पंधरा ओव्या घालून दिल्या. अंगणात बसून तिनं त्या ऐकल्या. सहाव्या ओवीला म्हणाली, "हितं वैरण संपत आली हुती बघ." आणि तिचा उजवा हात मांडीवर फिरायला लागला.